स्लॅडच्या उतारावर

या पुस्तकातले बाकीचे लेख आमच्या वाडीचे आहेत. हा एक परमुलखातल्या गावाचा आहे, म्हणजे खरं तर त्या गावावर लिहिलेल्या एका पुस्तकाचा. तो इथे का आला, ते शेवटी सांगतो.

इंग्लंडात ग्लॉस्टरशायर नावाचा परगणा आहे. तिथे स्ट्राउड या गिरण्यांच्या गावाबाहेर एक अरुंद, खोल दरी निघते. तिच्या उतारावर स्लॅड हे खेडं वसलंय. शंभर वर्षांपूर्वी तिथे वीस-तीस घरं होती. सगळी पिवळसर दगडाची, एकाच्या डोक्यावर दुसरं अशी उतारावर पसरलेली. लॉरी ली हा लेखक इथेच वाढला. त्याचा जन्म १९१४ चा, स्ट्राउडचा. तीन वर्षांचा असताना सामानाच्या गाडीतून त्याला या गावात आणून उतरवलं. भोवतीचं गवत त्याच्या डोक्याहून उंच होतं. पोरगं घाबरून रडायला लागलं आणि बहिणींनी येऊन त्याला उचललं. त्याच्या आठवणींचं पुस्तक या रडण्यापासूनच सुरू होतं. पुस्तकाचं नाव ‘सायडर विथ रोझी’. सायडर म्हणजे सफरचंदाची दारू, आणि रोझी म्हणजे गावातली एक पोरगी. गवताच्या कापणीच्या दिवसांत गाडीखाली बसून या दोघांनी ती दारू प्यायली, त्यावरून हे नाव पडलं. पुस्तक आलं १९५९ साली. गाव सोडून त्याला तोवर पंचवीस वर्षं झाली होती.

मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं ते कॉलेजात असताना, पुण्याच्या फुटपाथवरून घेतलेल्या एका जुन्या प्रतीत. इंग्रजी अर्धंच कळलं, तरी वेड लागलं. परक्या देशातलं गाव, पण चूल आमचीच वाटली. आई, तीन सावत्र बहिणी आणि चार भाऊ, अशी आठ माणसं त्या स्वयंपाकघरात राहायची. विस्तव विझू द्यायचा नाही हा घरचा नेम. पाणी पंपाचं, उजेड मेणबत्त्यांचा आणि रॉकेलच्या दिव्यांचा. तळघरात बेडूक. भाडं आठवड्याला साडेतीन शिलिंग, तेही कधी वेळेवर जायचं नाही.

शाळेची गोष्ट तर मी पुढे माझ्या वर्गात कितीदा तरी सांगितली. पहिल्याच दिवशी बाईंनी पोराला सांगितलं, सध्या इथे बसून राहा. इंग्रजीत ‘सध्या’ला आणि ‘भेटवस्तू’ला एकच शब्द आहे. पोरगं दिवसभर भेटीची वाट बघत बसलं, आणि घरी येऊन रागानं म्हणालं की मी आता त्या शाळेत जाणार नाही, त्यांनी मला काहीच दिलं नाही. हे ऐकून आमची पोरंही हसायची. मास्तराचं बोलणं आणि पोराचं ऐकणं यांतलं अंतर त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

त्याच घराच्या दुसऱ्या भागात दोन म्हाताऱ्या राहायच्या, एक वर आणि एक खाली. खालची रानफुलांची, कंदांची दारू गाळायची. वरची पहाटे चारला न्याहारी करायची, तिचा दिवस तिच्याच घड्याळानं चालायचा. दोघींचं हाडवैर. एकमेकींचं तोंड बघायच्या नाहीत, पण एकमेकींच्या हालचालींवर कान लावून जगायच्या. वरची गेली, तेव्हा तिच्या वयाच्या आकड्यावरून खालचीनं अंत्यविधीतच वाद घातला. मग थोड्याच दिवसांत तीही गेली, कारण भांडायला कोणी उरलं नव्हतं. हे वाचून ज्याला आपल्या आळीतल्या दोघी आठवणार नाहीत, तो गावात राहिलेलाच नाही.

या गावाचं पोट कशावर चालायचं, हेही ली नीट सांगतो. काही माणसं गावच्या जमीनदाराकडे राबायची, काही शेतांवर, आणि काही खाली स्ट्राउडच्या कापडगिरण्यांत. स्ट्राउडच्या आसपासच्या दऱ्यांत लोकरीचं कापड विणण्याची परंपरा जुनी. तिथला लाल रंग नावाजलेला होता. इंग्रज पलटणींच्या लाल डगल्यांचं कापड तिथे विणलं आणि रंगवलं जाई. ज्याला आपण बनात म्हणतो ते हेच जाड लोकरी कापड, आणि कंपनीची गलबतं ते पूर्वेकडे विकायला आणायची. म्हणजे त्या दरीचा आणि आपला संबंध पुस्तकाच्या कितीतरी आधीचा आहे, आणि तो काही गोड नाही. स्लॅडमधल्या पबचं नाव आजही ‘वूलपॅक’ आहे, म्हणजे लोकरीची गासडी.

ली ज्या गावाबद्दल लिहितो, ते त्याच्या डोळ्यांदेखत मोडत होतं. घोड्याच्या चालीनं चालणाऱ्या दरीत मोटार आली, मग बस आली. जमीनदार वारला, त्याच्या वाड्यातली माणसं पांगली. बहिणींना नवरे मिळाले. चर्चमधली गर्दी ओसरली. हे सगळं त्यानं शेवटच्या प्रकरणात सांगितलंय. आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली आलं, म्हणजे हा पोरगा एक वर्षाचा असताना. आत्रे सरकारी नोकरीतले, हिशेबी माणूस. गाडा कुठे कुरकुरतो, कोण कोणाला लुबाडतो, हे ते खणून सांगतात. लीला गाडा मोडल्याचं दुःख आहे, पण त्या गाड्याखाली कोण होतं याची चौकशी तो फार करत नाही.

माझी तक्रार इथूनच सुरू होते. ती पहिल्या वाचनात नव्हती. या पुस्तकाचे लेख लिहायला बसलो आणि नमुना म्हणून लीचं पुस्तक पुन्हा काढलं, तेव्हा ती सुरू झाली.

पुस्तकाच्या मध्यावर एक प्रकरण आहे, मृत्यूचं आणि खुनाचं. गावातला एक गरीब पोरगा लहानपणी न्यूझीलंडला गेलेला असतो. पुष्कळ वर्षांनी, हिवाळ्यात, खिसे भरून तो परत येतो. पबमध्ये बसून सगळ्यांना पाजतो, आणि पाजता पाजता हिणवतो की तुम्ही इथेच कुजत राहिलात, मी बघा. गावातली तरणी पोरं उठून बाहेर जातात, रस्त्यात त्याला गाठतात, मारतात आणि बर्फात टाकून देतात. सकाळी तो मेलेला सापडतो. पोलीस येतात, विचारपूस करतात, त्यांना काही कळत नाही. कोणी केलं ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं, पण एकही तोंड उघडत नाही.

आता ही गोष्ट ली सांगतो, हेच मोठं. गावाच्या पोटातलं त्यानं जगासमोर ठेवलं. पण ती कशी सांगतो ते बघा. तो म्हणतो की गाव आपलं आपण सांभाळायचं, बाहेरच्या कायद्याला आत घ्यायचं नाही. हे सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमान आहे. मेलेला माणूस बढाईखोर होता हे आपल्याला चांगलं लक्षात राहतं. पण त्याची आई जिवंत होती का, मारणारे पुढे कसे जगले, चर्चमध्ये कोणाशेजारी बसले, हे कळत नाही.

त्याच प्रकरणात तळ्यात बुडून मेलेली एक बाई आहे. एकटी राहणारी, देखणी, आजारी. लीच्या आईशी बोलताना तिनं मनातली बोच जराशी उघड केलेली असते, की मेलेली आई आपल्याला रात्री छळते. एके सकाळी दूधवाल्याला ती पाण्यात दिसते. आणि गंमत अशी, की गोष्ट तिथून दूधवाल्याची होते. त्यानं प्रेत पाहिलं म्हणून त्याचा गावात कसा भाव वाढला, मग दुसरा एक अपघातही त्याच्याच समोर झाला तेव्हा लोक त्याला अपशकुनी म्हणून कसे टाळू लागले, हे सगळं रंगवून येतं. वाचताना हसू येतं. पान संपल्यावर लक्षात येतं की बाई तळ्यातच राहिली.

आणखी एक प्रसंग आहे, तो मला आज वाचवत नाही. गावात एक भाबडी, देवभोळी मुलगी असते, झाडांवर बायबलातली वचनं लिहीत फिरणारी. पाचसहा पोरं तिला रानात गाठून तिच्यावर बळजबरी करायचा बेत आखतात. ली त्यांतलाच एक. रविवारी ती येते, पोरं आडवी होतात, ती दोन ठेवून देते आणि चालू लागते. पोरांचं अवसान गळतं. ली हे विनोदानं सांगतो, आणि वर म्हणतो की तेव्हाचं गाव असल्या गोष्टी आपल्या आपण मिटवायचं. असेल. पण त्या मुलीनं पुढे त्या वाटेनं जायचं सोडलं का? हे विचारायची जबाबदारी पोराची नव्हती. पंचेचाळिशीला पोचलेल्या लेखकाची होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. या पुस्तकात बघणारा मुलगा आणि सांगणारा माणूस असे दोघं आहेत. गंमत सांगायची असते तेव्हा मोठा माणूस पुढे येतो, त्याची शब्दांवरची हुकमत पुढे येते. निवाडा द्यायची वेळ आली की तो लहान होतो, मुलाच्या मागे जाऊन उभा राहतो. मुलगा सगळं बघतो आणि कोणालाच दोष देत नाही. वाचकालाही ते सोयीचं वाटतं. म्हणून हे पुस्तक लाखांनी खपलं, शाळांत लागलं, आणि बहुतेकांनी ते उन्हातल्या बालपणाचं गोड पुस्तक म्हणून वाचलं. मीही तसंच वाचलं होतं.

सगळीकडे तो असा लपत नाही, हेही सांगायला हवं. दोन ठिकाणी तो समोर उभा राहतो.

पहिलं ठिकाण एका म्हाताऱ्या जोडप्याचं. पन्नास वर्षं एकत्र काढलेली ती दोघं थकतात, आजारी पडतात. अधिकारी ठरवतात की यांना सरकारी अनाथ-कंगालखान्यात, तिकडच्या ‘वर्कहाऊस’मध्ये, न्यायचं. तिथे बाया एकीकडे, बाप्ये दुसरीकडे. दोघांची ताटातूट होते, आणि आठवड्याभरात दोघंही मरतात. इथे ली चिडतो. चिडायलाच हवं. साठीपुढच्या नवरा-बायकोला जबरदस्तीनं वेगळं ठेवायचं नाही, असा इंग्लंडात १८४७ पासून कायदा होता. कागदावर होता. वर्कहाऊसचा कारभार १९३० साली कायद्यानं संपवला, तोवर अशी किती जोडपी तुटली असतील. फक्त एक फरक लक्षात घ्या. इथे अपराधी बाहेरचा आहे, सरकार आहे. बाहेरच्यावर चिडणं सोपं असतं.

दुसरं ठिकाण आईचं, आणि तिथे मी लीपुढे हात जोडतो. ही बाई मोठ्या घरांत मोलकरीण म्हणून राबली, बापाच्या पबमध्ये राबली. मग चार पोरांच्या एका विधुराची घर सांभाळायला बाई पाहिजे अशी जाहिरात वाचून गेली आणि त्याचीच बायको झाली. तिला स्वतःची चार मुलं झाली, त्यांतली मुलगी लहानपणीच गेली. नवरा युद्धाच्या काळात गेला तो गेलाच. पुढे लंडनला नोकरी करत राहिला, थोडे पैसे धाडत राहिला, कुटुंबात परत आला नाही. ही सवतीची आणि स्वतःची पोरं एकाच ताटात वाढवत त्याची वाट बघत राहिली, तीस वर्षांहून जास्त. तो मेल्याचं कळलं तेव्हा तिचं भान सुटलं, आणि फार दिवस ती जगली नाही. हे लिहिताना ली आपल्याला माफ करत नाही. आईचा गबाळेपणा, बसमागे धावणं, फुलं तोडत हिंडणं, याला आम्ही पोरं किती कावायचो, तिला किती तोडून बोलायचो, हे तो सांगतो. इथे मोठा माणूस मुलामागे लपलेला नाही. म्हणूनच हे प्रकरण पुस्तकातलं सगळ्यांत खरं आहे.

स्वतःबद्दलही त्यानं एक गोष्ट झाकून ठेवली होती. त्याला अपस्माराचा, म्हणजे फिटचा आजार होता. तो त्यानं जन्मभर लपवला. १९९७ साली तो वारला आणि मग चरित्रातून ते लोकांना कळलं. यात मी त्याला दोष देत नाही. आजार ज्याचा त्याचा. पण ज्याला गावानं गप्प बसायला शिकवलं, त्याला ते आयुष्यभर पुरतं, एवढं मात्र दिसतं.

एक किस्सा तर या सगळ्यावर कळस आहे. पुस्तक आल्यावर खुनाच्या प्रकरणावरून लीला कोर्टात जावं लागलं नाही. त्याला गोत्यात आणलं ते दुसऱ्याच एका वाक्यानं. गावाजवळच्या पियानोच्या कारखान्याला धंदा बसला की सोयीस्कर आग लागते, अशी एक टपली त्यानं मारली होती. कारखान्यानं अब्रुनुकसानीचा दावा लावला, प्रकरण पैशावर मिटलं, आणि पुढच्या आवृत्त्यांत पियानोच्या जागी बॉयलरचा कारखाना आला. मेलेल्या माणसाला अब्रू असते, पण तिच्यासाठी दावा लावणारं कोणी नसतं.

पुढे ली स्लॅडलाच परतला होता. या पुस्तकाच्या पैशातून त्यानं तिथे घर घेतलं. दरीत नवी घरं बांधायचा घाट घातला गेला, तेव्हा त्याविरुद्ध तो उभा राहिला. त्याची कबर चर्चच्या आवारात आहे, वूलपॅकच्या समोर. जवळचं एक रान आता त्याच्या नावानं राखलंय. लोक लांबून ते रान आणि ती दरी बघायला जातात. पुस्तकानं दरी वाचवली, असंही म्हणता येईल. गोड आठवणींचा हा उपयोग मी नाकारत नाही. कडू पुस्तक वाचून कोणी रान राखायला वर्गणी दिली असती का, कोण जाणे.

आता आमच्या वाडीकडे येतो. लीला बोल लावणं सोपं आहे, पण आरसा माझ्याकडेही वळतो.

या पुस्तकात विहिरीवर एक लेख आहे. त्यात मी आंब्याची सावली लिहिली, मोटेचं पाणी लिहिलं, उन्हाळ्यात आम्ही पोरं कशी मुटके मारायचो ते लिहिलं. मी सहावीत असताना त्याच विहिरीत आळीतली एक लेकुरवाळी बाई सापडली होती. आदल्या रात्री तिच्या घरातून आलेला आवाज सगळ्या आळीनं ऐकला होता. आम्हीही ऐकला होता. सकाळी पंचनामा झाला. पाय घसरला, असं पाच जणांनी सांगितलं आणि सह्या-अंगठे केले. महिनाभरानं आम्ही पुन्हा त्याच विहिरीत पोहायला लागलो. माझ्या लेखात ते पोहणं आहे, ती बाई नाही.

लीचं पुस्तक मिटून मी आईला विचारलं, “आई, तुला आठवतं का गं ते?” ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “कशापायी उकरतोस? तिची पोरं आता मोठी झाली, सुखानं नांदत्यात.” मी गप्प बसलो. थोड्या वेळानं तीच म्हणाली, “माझ्याकडनं उसनं पीठ नेलं होतं तिनं त्या दिशी. परत द्यायचं म्हणत होती.”

आपल्याकडे १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. त्यानंतर गावाबद्दल नुसतं जत्रा, चूल आणि आंब्याची सावली लिहिता येणार नाही, हे आम्हा लिहिणाऱ्यांना कळायला हवं होतं. आम्हाला ते दुसऱ्यांच्या बाबतीत कळलं. आपल्या आळीच्या बाबतीत अजून आम्ही पोरंच राहतो.

लीनं निदान तळ्यातल्या बाईला अर्धं पान दिलं, बर्फातल्या माणसाला प्रकरण दिलं. हसत दिलं, पण दिलं. मी तेवढंही केलं नव्हतं. म्हणून हा लेख इथे आहे. विहिरीचा लेख छापायला गेला होता, तो मी परत मागवलाय. बाईचं नाव त्यात घालणार नाही, तिच्या पोरांसाठी. पण ती रात्र, आम्ही ऐकलेला आवाज, आणि फेडायचं राहिलेलं ते पीठ, एवढं त्यात येईल. मुटके मारणं काढून टाकायचं की ठेवायचं, हे अजून ठरत नाही. बहुतेक ठेवीन, कारण तेही खरंच होतं.